वजन उतरवणे (कुस्ती)

ठरावीक वजनगटात खेळता यावे म्हणून मल्लाने आहार, पाणी आणि मेहनत यांत बदल करून वजन घटवणे. चरबी सावकाश झडली तर ते हिताचे. अंगातले पाणी काढून वजन पाडले तर हृदयाला धोका होतो.

मैदान आणि गादी : सांगली जिल्ह्यातील कुंडल (ता. पलूस) कुस्ती मैदानासाठी प्रसिद्ध आहे. मातीतल्या मैदानी कुस्तीत वजनगट नसतात, तोलामोलाची जोड पाहून कुस्ती लावतात. म्हणून तालमीत अंग भरण्यावर भर असतो : जोर, बैठका, लढत आणि दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण असा खुराक. गादीवर मात्र काटा निर्णायक ठरतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते ५७ किलो गटात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम लढतीआधी सुमारे १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने अपात्र ठरली.

आहार व मेहनत : एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते. रोज ५०० किलोकॅलरी कमी पडल्या, तर आठवड्याला साधारण अर्धा किलो चरबी घटते. दोन दिवसांत उतरलेले तीन किलो म्हणजे मुख्यतः पाणी आणि स्नायूंतील साखरेचा साठा. वजन घटते ते प्रामुख्याने ताटातून; मेहनत आणि पुरेशी प्रथिने स्नायू टिकवतात.

हृदयावरील परिणाम : पाणी तोडून, जाड कपडे घालून घाम काढला की रक्तातील द्रव कमी होतो. प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडते, म्हणून नाडी वाढते. घाम आटला की शरीर तापते. पोटॅशियम व मॅग्नेशियमचे संतुलन बिघडल्यास ठोक्यांची लय चुकू शकते. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल असेच वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत घाम काढण्याचे रबरी पोशाख आणि सौना यांवर बंदी आली.

दक्षता : आठवड्याला अर्धा ते एक किलोपेक्षा जास्त वजन उतरवू नये. पाणी तोडू नये. उपाशीपोटी, ताप असताना किंवा भर उन्हात जोराची मेहनत करू नये. मेहनत करताना छातीत दुखणे, भोवळ येणे वा धडधड होणे, तसेच घरात तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. आखाडा सुटल्यावरही खुराक तसाच राहिला, तर पोटावर चरबी साठते, रक्तदाब व मधुमेह मागे लागतात. मेहनत कमी होताच खुराकही कमी करावा. बऱ्याच खंडानंतर पुन्हा सुरुवात करणाऱ्याने चालण्यापासून हळूहळू वाढत जावे. वजन उतरवण्याचा वेग मल्लाच्या प्रकृतीवरून ठरावा. स्पर्धेची तारीख जवळ आली आणि वजन उतरले नाही, तर वरच्या गटात खेळणेच योग्य.