दोर ओढून घेतल्यावर

डोंगर चढणाऱ्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले, हे आमच्या बोरगावच्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. उतरणाऱ्यांचा इतिहास मात्र कोणी फारसा सांगत नाही. चढणं हा पराक्रम आणि उतरणं म्हणजे घरी परतणं, त्यात काय सांगायचं, असं आपण धरून चालतो. पण धबधब्याच्या घळीतून दोराला लटकत खाली उतरण्याचा जो खेळ आता आपल्याकडे आला आहे, ज्याला कॅनियनिंग म्हणतात, त्यात उतरणं हेच सगळं काही आहे.

मी या विषयाकडे वळले ती माझ्या मैत्रिणीमुळे. आमची मैत्री कॉलेजपासूनची. २०२४ च्या उन्हाळ्यात तिनं कर्जतकडच्या एका धबधब्यावर दोरानं उतरायचा बेत केला आणि जुलैसाठी दोघींचेही पैसे भरून टाकले. पन्नाशी उलटलेल्या दोन बायका, एकीचे गुडघे दुखतात, दुसरीला बीपीची गोळी! मी म्हटलं, "अगं, निदान पावसाळा तर सरू दे." तर म्हणते, "अवं, पावसात नाही तर काय उन्हाळ्यात धबधबा पाहतात का? आणि पैसे भरून बसली ना मी." मी बी. ए. ला इतिहास घेतला होता. काही ठरवायच्या आधी मागचं वाचायचं, ही खोड तेव्हापासूनची.

या उतरण्यातली मुख्य युक्ती फ्रान्समधल्या शामोनी गावच्या एका वाटाड्याच्या नावावर आहे. जाँ शार्ले-स्ट्रातों त्याचं नाव. १८७६ साली तो पेटी द्रू नावाचा सुळका एकट्यानं चढायला गेला. ते जमलं नाही, पण उतरताना त्यानं जी पद्धत वापरली ती टिकली. दोर मधोमध दुमडून खडकाला अडकवायचा, दोन्ही पदर धरून उतरायचं आणि खाली पोचल्यावर एक पदर ओढायचा. पायजम्याची नाडी एका टोकानं ओढली की जशी सरसर निघून येते, तसा अख्खा दोर हातात येतो आणि पुढच्या टप्प्याला वापरता येतो. तीन वर्षांनी, १८७९ साली, त्यानं साथीदारांसह तो सुळका सरही केला.

युक्ती साधी, पण तिच्यात एक गोष्ट लपलेली आहे. चढणाऱ्याला दम लागला, आभाळ भरून आलं, तर तो मागे फिरू शकतो. घळीत उतरणाऱ्यानं दोर ओढून घेतला की मागची वाट संपली. दोन्हीकडे उभे कडे, आणि पुढे एकच रस्ता, जो पाण्याचा तोच. म्हणजे जायचं की नाही, हा निर्णय वर उभं असतानाच घ्यावा लागतो.

जुन्या जाणकारांना हे कळत होतं. एदुआर मार्तेल हा फ्रेंच संशोधक दक्षिण फ्रान्समधली व्हर्दाँ नदीची खोल घळ आतून पाहायला उतरला तो १९०५ च्या ऑगस्टमध्ये. ऑगस्ट म्हणजे तिकडचा उन्हाळा, नदीला पाणी कमी. तरीही सोबत होड्या आणि गावची माणसं होती, आणि काही दिवस लागले. त्याला पाण्याचा अभ्यास करायचा होता. मौजेचा खेळ म्हणून हे उतरणं युरोपात पसरलं ते बऱ्याच नंतर.

खेळ झाला की वेळापत्रक येतं, पैसे भरले जातात, आणि मग आभाळापेक्षा घड्याळाकडे जास्त पाहिलं जातं. स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या साक्सेटनबाख नावाच्या ओढ्यात २७ जुलै १९९९ रोजी अनेक तरुण पर्यटक असेच उतरले होते. वरच्या डोंगरात वादळी पाऊस झाला आणि पाण्याचा लोंढा घळीतून आला. २१ जण गेले. त्यांत १८ पर्यटक होते आणि ३ वाटाडे. वाटाडे, म्हणजे ज्यांना वाट ठाऊक होती ते!

आपल्या मुलखातही माणसं उतरत आलीच आहेत. आमच्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात, तामियाजवळ पाताळकोट आहे. हजार-बाराशे फूट खोल दरी, तळाशी भारिया आणि गोंड लोकांची गावं. पायऱ्या-रस्ते व्हायच्या आधी ही माणसं मुळं आणि वेली धरून ये-जा करत. त्यांच्यासाठी तो खेळ नव्हता, बाजाराची वाट होती.

आणि आम्हा जैनांची मुक्तागिरी. बैतूल जिल्ह्यात, पण ओढ सगळी परतवाड्याकडे. प्राकृतातल्या निर्वाणकांडात तिचा पत्ताच दिला आहे, अचलपूरच्या ईशान्येला मेंढागिरीच्या शिखरावर म्हणून. तिथं बावन्न मंदिरं आहेत आणि त्यांच्या मधोमध उंच कड्यावरून धबधबा कोसळतो. पावसाळ्यात त्याचे तुषार अंगावर घेत आपण पायऱ्यांनी चढतो, उतरतो. पायरीचा गुण असा की कुठूनही मागे फिरता येतं. म्हाताऱ्या सासूबाईंना दम लागला की तिथंच टेकायचं आणि हळूच खाली यायचं. ज्यांनी त्या पायऱ्या घडवल्या त्यांनी परतीची वाटही दगडात घडवून ठेवली.

मैत्रिणीनं मला चिडवलंही, "तुमच्यात चातुर्मासात बाहेर पडत नाहीत, म्हणून नाही म्हणतेस ना?" तो नियम साधू-साध्वींचा, आम्हा घरगृहस्थांचा नाही. पण कारण समजून घेण्यासारखं आहे. आषाढ ते कार्तिक जमिनीत, पाण्यात, गवताच्या कोंबात जीव दाटलेले असतात. पायी चालणाऱ्याकडून हिंसा होते, म्हणून एका जागी राहायचं. बौद्ध भिक्खूंचा वर्षावासही असाच. पाण्याचेही काही महिने असतात आणि तेव्हा माणसानं बाजूला व्हावं, हे या देशात फार आधी ठरलं होतं.

तिला हे पटलं नाही. पटलं ते ३० जूनला. त्या दिवशी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. बायका-मुलं एकमेकांना धरून खडकावर उभी होती आणि पाणी वाढतच गेलं. ते दृश्य देशभर फोनवर फिरलं. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनानं अनेक ठिकाणी मनाईचे आदेश काढले. रात्री मैत्रिणीचा फोन आला. बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, "नाही जात आपण." भरलेले पैसे बुडाले. ती चार दिवस हळहळली, मी नाही.

डिसेंबरात आम्ही सांदण दरीला गेलो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, साम्रद गावापाशी, काळ्या कातळात पडलेली ती अरुंद भेग आहे. पावसाळ्यात ती सगळी पाण्याची असते. हिवाळ्यात सुरुवातीला तेवढं कमरेपर्यंत गार पाणी लागतं, पुढे धोंडेच धोंडे. दोराचा पहिला टप्पा आला तिथं मी थांबले. "काहून नाही येत वं?" ती म्हणाली. मी गुडघ्याकडे बोट दाखवलं. ती हेल्मेट घालून, कमरेला पट्टे आवळून, पाठ दरीकडे करून उतरली. पन्नाशीतली बाई अशी मोकळी हसताना मी फार दिवसांनी पाहिली. शेवटचा माणूस खाली गेला आणि दोर सर्रकन माझ्या डोळ्यांदेखत निघून गेला. आभाळ निळंशार होतं, गावचा माणूस सोबत होता, तरी छातीत धस्स झालंच. तो आवाज जुलैत ऐकला असता तर, हा विचार परतीच्या वाटेवर सुटला नाही. दुसऱ्या दिवशी ती खालच्या गावातून फोनवर ओरडत होती, "आली मी, आली!"

आता हे सगळं आमच्या दाराशी येणार आहे. उमरानाला ते रामाकोनाच्या पट्ट्यात, सिल्लेवानीच्या डोंगरात कुकडीखापाचा धबधबा आहे, पांढुर्ण्याकडे लिलाही आहे. पाऊस लागला की बोरगावच्या कारखान्यांतली पोरं आणि नागपूरच्या गाड्या तिकडे धावतात. उद्या कोणीतरी दोर घेऊन येईल. यावं, माझी ना नाही. उतरण्यात आनंद आहे, तो मी मैत्रिणीच्या आवाजात ऐकला आहे. फक्त आपल्या लेकरांना पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारायला शिकवू या. वरच्या डोंगरात आज पाऊस आहे का, हे कोण पाहतं? गावातलं कोण सोबत आहे? आणि 'आज नको' म्हटलं, तर पैसे परत मिळतात का? तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण वर उभं असताना पाय मागे घ्यायचं बळ पुष्कळदा त्याच उत्तरातून येतं.