ऊर्जेचा धडा कोणत्या कपाटात ठेवायचा?

विज्ञानशिक्षणाचा इतिहास वाचायला घेतला की दोन नावं हमखास पुढे येतात: 1972 चा होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम आणि 1974 चं मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. शिरूर तालुक्यातलं पाबळ मला मात्र बहुतेक वेळा ‘व्यवसाय शिक्षण’ या कपाटात सापडलं. असं का झालं, ते बघू.

डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधक होते. नोकरी सोडून त्यांनी 1983 मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथूनच ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा आठवी ते दहावीचा विषय उभा राहिला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचं. विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. बोर्डाची मान्यता मिळाली ती पूर्व-व्यावसायिक विषय म्हणून. विषय शाळेत शिरला, पण तो शिक्का घेऊनच. कलबागांचा मुद्दा खरं तर शिकण्याच्या पद्धतीचा होता: करता करता समजतं. 1937 च्या वर्धा परिषदेतल्या नयी तालीमशी याचं नातं सरळ दिसतं.

आता आठवीतला मुलगा डोळ्यांपुढे आणा. शिरूर-दौंडकडे वीज म्हणजे ‘लाईट’ आणि ‘पाच एचपीची मोटर’ तर घरोघरी बोलली जाते. बोलताना जोर, ताकद, शक्ती सगळं एकच. पुस्तकात मात्र बल, शक्ती, ऊर्जा वेगवेगळे. एचपी हे शक्तीचं माप. पाच एचपी म्हणजे साधारण 3.7 किलोवॅट. तेवढी शक्ती आठ तास वापरली, की सुमारे 30 युनिट होतात. हे युनिट म्हणजे ऊर्जा. मोटर केवढी आणि चालली किती वेळ, या दोन्हींचा गुणाकार.

मोटरची जोडणी शिकली की हे आपोआप कळतं का? नाही. वायर बरोबर जोडणारा मुलगाही युनिट आणि किलोवॅट यांत घोटाळा करू शकतो. कामानंतर मोजमाप झालं का, ‘असं का?’ हा प्रश्न कुणी विचारला का, यावर सगळं ठरतं.

म्हणून पाबळसारख्या विषयावर काम करायचं असेल तर नुसत्या शासकीय वर्गीकरणावर जाऊ नका. मुलांच्या वह्या, प्रात्यक्षिकाच्या नोंदी, जुन्या प्रश्नपत्रिका शोधा. त्यांत मोजमाप आणि ‘का’ सापडलं, तर तो विज्ञानशिक्षणाचाच इतिहास आहे. नाही सापडलं, तर तेही प्रामाणिकपणे लिहा.