सिकलसेल आजारातील मूत्रविकार

सिकलसेल आजारातील मूत्रविकार म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषामुळे मूत्रपिंड व मूत्रमार्गात उद्भवणाऱ्या तक्रारी होत. लघवीतून रक्त जाणे, रात्री वारंवार लघवीस उठावे लागणे व मोठ्या वयापर्यंत मुलांनी अंथरूण ओले करणे ही त्यांची ठळक लक्षणे आहेत. अशा तक्रारींमागे एरवी मूतखडा, जंतुसंसर्ग वा पुरःस्थ ग्रंथीची वाढ असते आणि सिकलसेल हे विरळ कारण समजले जाते. नंदुरबार जिल्ह्यात मात्र तसे समजून चालत नाही. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची असून भिल्ल, पावरा इत्यादी समाजांत सिकलसेलचा जनुक लक्षणीय प्रमाणात आढळतो.

कारणमीमांसा

सदोष हिमोग्लोबिन असलेल्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडल्यास विळ्याचा आकार धारण करतात. मूत्रपिंडाच्या अंतर्भागात प्राणवायू मुळातच कमी, आम्लता अधिक व क्षारांची दाटी मोठी असते. म्हणजे पेशी वाकण्यास लागणारी सर्व परिस्थिती तेथे एकवटलेली असते. तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबल्या की लघवी दाट करण्याची क्षमता लोप पावते. परिणामी लघवी पातळ व पुष्कळ होते, रात्रीही थांबत नाही. अंथरूण ओले करणारे मूल अशा वेळी आळशी वा हट्टी नसते. त्यास रागावून उपयोग नाही. पाणी तोडणे तर घातकच, कारण शरीर कोरडे पडताच पेशी अधिक वाकतात. ऊसतोडीसारख्या उन्हातील श्रमांत हाच धोका असतो.

अंतर्भागाची टोके मृत झाल्यास लघवी लाल होते, बहुधा वेदनेविना. रक्तस्राव डाव्या मूत्रपिंडातून अधिक वेळा होतो, कारण डावी शीर लांब असून दोन मोठ्या रोहिण्यांमध्ये दाबली जाते. पुरुषांत शिश्नाचा वेदनामय ताठरपणा उद्भवू शकतो. तो चार तासांहून अधिक टिकल्यास तातडीच्या उपचारांची गरज असते. संकोचापोटी झालेला विलंब कायमचे अपंगत्व देतो.

वाहक व्यक्ती

एकाच पालकाकडून दोष आलेल्या व्यक्तीस वाहक म्हणतात. वाहकास काहीच त्रास होत नाही, हा समज अपुरा आहे. लघवीतून रक्त जाणे वाहकांतही आढळते. मूत्रपिंडाच्या अंतर्भागाचा एक अतिदुर्मीळ पण उग्र कर्करोग बहुतांशी तरुण वाहकांनाच होतो. १९९५ मध्ये त्याचे स्वतंत्र वर्णन झाले.

निदान व उपचार

विद्राव्यता चाचणीने प्राथमिक अंदाज येतो, निश्चिती इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी तपासणीने होते. दोष सापडला म्हणून सोनोग्राफी टाळू नये. खडा, क्षय व गाठ वगळावीच लागते. रक्तातील क्रिएटिनिन या रुग्णांत दीर्घकाळ फसवे, म्हणजे सामान्य दिसते. त्यामुळे लघवीतील प्रथिनांची तपासणी अधिक बोलकी ठरते. रक्तस्रावात विश्रांती व भरपूर द्रवपदार्थ हा पहिला उपाय होय. मूळ आजारासाठी हायड्रॉक्सीयुरिया दिले जाते. अंगदुखीवर परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडास अपाय करतात.