कानाने वाचायचा दस्तऐवज

१९५४ साली अमेरिकेत वेब पिअर्स यांचे ‘स्लोली’ हे गाणे गाजले. त्यात पेडल स्टील गिटार बड आयझॅक्स यांनी वाजवली होती. गिटारला पेडलची सोय त्याआधीही होती. पण ती मुख्यतः तारांची जुळणी बदलण्यासाठी. आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबले. एक सूर स्थिर राहिला आणि दुसरा त्याच्या शेजारून वर सरकला. तबकडी ऐकून अनेक वादक या सुरामागे लागले आणि त्यांनी आपापल्या गिटारला पेडल बसवून घेतले.

हे वाद्य शिकताना मी आधी टॅब्लेचरचा आधार घेतला. कोणती तार, कितवा पडदा, कोणते पेडल, सारे त्यात लिहिलेले असते. तसेच वाजवूनही गाणे निर्जीव वाटे. पाय किती सावकाश खाली जावा, हे कागदावरून कळेना. मग कागद मिटला. तीच जागा पुन्हा पुन्हा ऐकली, गुणगुणली आणि नंतरच वाजवली. आपल्याकडे मींड अशीच गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या कानात उतरते.

टॅब्लेचर हे टाचण आहे. या वाद्याच्या इतिहासाचा अस्सल दस्तऐवज म्हणजे ध्वनिमुद्रण. तो कानानेच वाचावा लागतो.