डहाणू व तलासरी तालुक्यांतील मासेमारी हंगाम

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या डहाणू व तलासरी या तालुक्यांत यांत्रिक नौकांची समुद्री मासेमारी दरवर्षी १ ऑगस्ट रोजी सुरू होऊन ३१ मेपर्यंत चालते. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पावसाळी मासेमारी बंदीचे असतात. या दोन महिन्यांत नौकांची व जाळ्यांची दुरुस्ती होते आणि नोंदणी, परवाना, विमा व ओळखपत्रे यांची पूर्तता केली जाते. येथील पूर्वतयारीला दोन अंगे आहेत. एक म्हणजे स्थानिक नौकामालकांची तयारी. दुसरे म्हणजे गुजरातमधील नौकांवर खलाशी म्हणून जाणाऱ्या कामगारांची तयारी. दोन्हींत कागदपत्रांचे महत्त्व गेल्या काही वर्षांत वाढले आहे.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या आठ तालुक्यांपैकी वसई, पालघर, डहाणू व तलासरी हे चार तालुके समुद्राला लागून आहेत. डहाणू तालुक्यात चिंचणी, वरोर, वाढवण, गुंगवाडा, धाकटी डहाणू, डहाणू, नरपड, चिखले, घोलवड व बोर्डी ही किनाऱ्यावरील गावे आहेत. तलासरी तालुक्याचा किनारा अत्यंत आखूड असून झाई हे तेथील मासेमारीचे गाव गुजरातच्या सीमेला भिडलेले आहे. महाराष्ट्राच्या सुमारे ७२० किलोमीटर लांबीच्या किनाऱ्याचा आरंभ येथूनच होतो.

मांगेला हा या पट्ट्यातील प्रमुख मच्छीमार समाज असून वैती, कोळी व माच्छी समाजांतील कुटुंबेही या व्यवसायात आहेत. वारली, धोडी, दुबळा इत्यादी आदिवासी समाजांतील अनेक पुरुष नौकांवर खलाशी म्हणून काम करतात. समुद्रात जाणे हे पुरुषांचे, तर मासळीची निवड, वाळवण व विक्री ही प्रामुख्याने स्त्रियांची कामे मानली जातात. बंदीच्या काळात घरात येणारा पैसा बहुधा स्त्रियांनी आधी साठवलेल्या सुक्या बोंबील व जवळ्याच्या विक्रीतून येतो.

उत्तर कोकणाच्या या भागात भरती-ओहोटीचा प्रवाह जोरदार असतो. त्यामुळे समुद्रतळाशी खुंट रोवून त्यांना पिशवीसारखे जाळे बांधण्याची डोल मासेमारी येथे रुजली. तिच्यात बोंबील, जवळा, करंदी व मांदेली मिळते. पापलेट, सुरमई, घोळ व दाढा या मोठ्या मासळीसाठी पाण्यात उभी राहणारी गिलनेट जाळी वापरली जातात.

पावसाळी बंदी

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे जून-जुलैत अरबी समुद्र खवळलेला असतो. याच सुमारास अनेक जातींच्या मासळीचे प्रजनन होते. जीवितहानी टाळणे व मासळीच्या साठ्याला वाढीची संधी देणे हे बंदीचे दोन हेतू आहेत. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या (सुमारे २२ किलोमीटर) जलधी क्षेत्रात राज्य शासनाचा, तर त्यापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात केंद्र शासनाचा आदेश लागू असतो. पारंपरिक बिगर-यांत्रिक नौकांना बंदीतून सूट आहे.

पूर्वी महाराष्ट्रात ही बंदी १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. शासकीय तारीख निश्चित झाल्यावर तिची व पारंपरिक मुहूर्ताची फारकत झाली. श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून नौका पाण्यात लोटण्याची प्रथा आजही पाळली जाते. परंतु हा दिवस चांद्र पंचांगानुसार बदलतो. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली, म्हणजे बंदी उठल्यानंतर जवळजवळ एक महिन्याने.

बंदी उठली तरी समुद्र शांत होतोच असे नाही. ऑगस्टच्या आरंभी हवामान विभागाने वादळी वाऱ्याचा इशारा दिल्यास नौकांना किनाऱ्यावरच थांबावे लागते. गुजरातमध्ये अलीकडच्या हंगामांत बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवण्यात आली आहे. त्यामुळे राज्यसीमेवरील झाई येथे एकाच समुद्राला दोन वेगवेगळ्या तारखा लागू होतात. पापलेटची पिल्ले वाढण्यास अवधी मिळावा म्हणून महाराष्ट्रातील बंदीही १५ ऑगस्टपर्यंत न्यावी, अशी मागणी पालघर जिल्ह्यातील मच्छीमारांकडून होत आली आहे.

नौका व जाळ्यांची तयारी

मेअखेरीस नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, म्हणजे पावसापासून बचावासाठी ताडपत्री किंवा झापांनी झाकल्या जातात. उघडीप मिळेल तसे तळाला चिकटलेले शंख-शिंपले खरवडणे, कुजलेल्या फळ्या बदलणे, फळ्यांचे सांधे बुजवणे, रंगकाम व इंजिनाची दुरुस्ती ही कामे उरकली जातात. फाटलेली जाळी तुणली जातात. दोर, बोये व वजने तपासली जातात. तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, याच काळात खलाशी ठरवतो आणि त्यांना हंगामाच्या मजुरीतून वळती होणारी उचल दिली जाते.

डिझेल व बर्फ हे सुरुवातीचे मोठे खर्च होत. डिझेल बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत घेतले जाते व त्यावरील मूल्यवर्धित कराचा परतावा शासनाकडून मिळतो. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतील बचत-नि-मदत घटकात पात्र मच्छीमाराने जमा केलेल्या १,५०० रुपयांत शासनाच्या ३,००० रुपयांची भर घालून बंदीच्या काळासाठी ४,५०० रुपये देण्याची तरतूद आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला.

नोंदणी, परवाना व सुरक्षा

नौकेची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणीमुळे नौकेला ओळख क्रमांक मिळतो व तो नौकेवर ठळकपणे रंगवावा लागतो. परवाना मात्र मासेमारीचा अधिकार देतो. तो ठरावीक मुदतीचा व जाळ्याच्या प्रकाराशी निगडित असतो. गिलनेटच्या परवान्यावर अन्य पद्धतीने मासेमारी करता येत नाही. ही कामे रीअलक्राफ्ट या संगणकीय प्रणालीद्वारे होतात आणि जिल्ह्यात सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचे कार्यालय त्यांवर देखरेख करते.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी अपहृत मासेमारी नौकेतून आल्याचे उघड झाल्यावर सागरी सुरक्षेचे नियम कडक झाले. समुद्रात जाणाऱ्या प्रत्येकाने ओळखपत्र बाळगणे बंधनकारक झाले. बंदरातून निघताना नौकेचे व खलाशांचे तपशील देऊन टोकन घेण्याची पद्धत रूढ झाली. जीवरक्षक जाकिटे व संपर्काची साधने नौकेवर असणे अपेक्षित असते. संकटसमयी तटरक्षक दलाशी १५५४ व सागरी पोलिसांशी १०९३ या क्रमांकांवर संपर्क साधता येतो. नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा आरंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथेच झाला. भ्रमणध्वनीच्या टप्प्याबाहेरही या यंत्राद्वारे उपग्रहामार्फत संदेशांची देवाणघेवाण करता येते.

नियमांतील बदल

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ हा या क्षेत्राचा मूळ कायदा होय. २०२१ मधील सुधारणेने त्यातील दंड अनेक पटींनी वाढले आणि प्रकरणांचा निवाडा करण्याचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. यांत्रिक नौका परवान्याविना वापरल्यास ५ लाख रुपयांपर्यंत, बेकायदा पर्ससीन मासेमारीस १ ते ६ लाख, तर एलईडी दिव्यांच्या साहाय्याने केलेल्या मासेमारीस ५ ते २० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. त्यापूर्वी ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने पर्ससीन जाळ्यांवर क्षेत्र व काळ यांची बंधने घातली होती. झाई ते मुरूड या पट्ट्यात या जाळ्यांना मनाई करण्यात आली.

२०२३ मध्ये राज्याने मासळीच्या ५४ प्रजातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. त्यानुसार पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर व सुरमई ३७० मिलिमीटरपेक्षा लहान असता कामा नये. त्याच वर्षी रुपेरी पापलेटला राज्य माशाचा दर्जा देण्यात आला. गिलनेटमध्ये आसाचा, म्हणजे जाळ्याच्या छिद्राचा, आकार योग्य ठेवला की लहान मासा निसटून जातो. डोल जाळ्याचा शेवटचा भाग मात्र जवळ्यासाठी अगदी बारीक आसाचा असल्याने त्यात पिल्लेही सापडतात. म्हणून हा नियम दोन प्रकारच्या मच्छीमारांना सारखा सोपा नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी नवे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार १२ सागरी मैलांपलीकडे जाणाऱ्या यांत्रिक व मोठ्या मोटार नौकांना रीअलक्राफ्टवरून विनाशुल्क प्रवेश पास घ्यावा लागतो. लहान व पारंपरिक नौकांना त्यातून वगळले आहे.

गुजरातकडे जाणारे खलाशी

दोन्ही तालुक्यांतील अनेक कुटुंबांचा हंगाम स्वतःच्या गावच्या बंदरात सुरूच होत नाही. येथील पुरुष वेरावळ, मांगरोळ, पोरबंदर व ओखा येथील मोठ्या नौकांवर कामाला जातात व दीर्घकाळ घराबाहेर राहतात. सौराष्ट्र व कच्छच्या समुद्रात भारत-पाकिस्तान सागरी सीमा सर क्रीकच्या वादामुळे अद्याप निश्चित झालेली नाही. पाण्यावर सीमेची खूणही दिसत नाही. मासळीचा माग काढताना नौका सीमेपार गेल्याचा आरोप ठेवून पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा ती खलाशांसह ताब्यात घेते. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी ओखा बंदरातून निघालेल्या ‘जलपरी’ या नौकेवर झालेल्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातील एका खलाशाचा मृत्यू झाला.

पकडलेल्या खलाशांना कराचीच्या तुरुंगात ठेवले जाते. दोन्ही देश २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी एकमेकांच्या ताब्यातील कैद्यांच्या याद्या सादर करतात. त्यानंतरही सुटका होण्यासाठी संबंधिताचे राष्ट्रीयत्व त्याच्या मूळ गावाच्या पत्त्यावरून पडताळावे लागते. म्हणून खलाशाने निघण्यापूर्वी ओळखपत्राची प्रत, नौकेचे नाव व क्रमांक, मालकाचे नाव आणि बंदर ही माहिती घरी ठेवणे अत्यंत उपयुक्त ठरते. टोकनावरील नावे व नौकेवरील माणसे यांत तफावत असल्यास ओळख पटवणे कठीण होते. मत्स्यसंपदा योजनेतील गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी ५ लाख रुपयांची तरतूद आहे; त्यासाठीही आधी नोंदणी असणे आवश्यक असते.

वाद व आव्हाने

डोलजाळ्यांचे खुंट रोवण्याच्या जागांना ‘कव’ म्हणतात. हंगामाच्या तोंडावर कवींच्या हद्दीवरून पालघर-डहाणूचे मच्छीमार आणि वसई व त्याच्या दक्षिणेकडील मच्छीमार यांच्यात वारंवार वाद होतात. खुंटांमुळे गिलनेट जाळी फाटतात व ती पसरण्यास जागा उरत नाही, अशी एका बाजूची तक्रार असते. वहिवाटीचा हक्क हा दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद असतो.

२० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरवण्यात आला. याच तालुक्यातील वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. भराव व जहाजांच्या मार्गामुळे मासेमारीची पारंपरिक ठिकाणे नष्ट होतील, अशी भूमिका घेऊन स्थानिक मच्छीमारांनी या प्रकल्पाला विरोध केला आहे. रोजगारनिर्मिती व प्रशिक्षण यांवर शासनाचा भर आहे. भरपाई मिळवताना आपण बाधित मच्छीमार असल्याचे सिद्ध करण्यासाठी परवाना व नोंदणी हेच मुख्य पुरावे ठरतात. ज्यांच्या नावावर नौका नाही अशा खलाशांचा व मासळी विकणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न त्यामुळे अधिक बिकट होतो.