समुद्रात बुडालेला पैसा : बॅकबेच्या भरावाची कथा

मुंबईस येणारा आपला कोणीही ज्ञातिबांधव मरीन ड्राइव्हवर फेरफटका मारल्यावाचून सहसा परतत नाही. तेथील कठड्यावर बसून मावळता सूर्य पाहताना, ज्या भूमीवर आपण बसलो आहोत ती एके काळी समुद्राच्या पोटात होती आणि ती वर काढताना रयतेचा किती पैसा त्याच समुद्रात गेला, याची आठवण फारच थोड्यांना असते. सार्वजनिक पैसा कसा खर्चावा आणि कसा खर्चू नये, याचा धडा या इतिहासात आहे. म्हणून तो आपल्या वार्षिक अंकाच्या वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

बॅकबे भरून काढण्याची कल्पना जुनीच. अमेरिकेत इ. स. १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या धुंदीत ज्या कंपन्या निघाल्या त्यांत बॅकबेचा समुद्र हटविणारी एक कंपनी होती. तिचे भाग मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले गेले. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि कंपनीबरोबर अनेक सधन घराणीही धुळीस मिळाली. परंतु तो पैसा खाजगी होता. ज्यांनी जुगार खेळला तेच प्रामुख्याने बुडाले.

पुढचा डाव सरकारने मांडला. पहिले महायुद्ध संपल्यावर मुंबईत पुन्हा तेजी आली आणि जागांचे भाव गगनास भिडले. डिसेंबर १९१८ मध्ये गव्हर्नरपदी आलेले सर जॉर्ज लॉइड हे धडाडीचे व महत्त्वाकांक्षी गृहस्थ होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, डेव्हलपमेंट खाते स्थापन झाले आणि कुलाब्यापासून उत्तरेकडे समुद्रात ११४५ एकर जमीन निर्माण करण्याची योजना हाती घेण्यात आली. खर्चाचा मूळ अंदाज सुमारे ३ कोटी ६७ लाख रुपये होता. तो लवकरच ७ कोटींवर गेला. या खर्चासाठी सरकारने कर्ज काढले. त्यामागचा हिशेब सोपा होता : तेजीच्या भावाने जमीन विकावी, कर्ज फेडावे आणि वर नफाही गाठीस बांधावा.

या हिशेबात दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या. पहिली, बंदराच्या तळाचा चिखल उपसून नळांवाटे बॅकबेत वेगाने ओतता येईल. दुसरी, जागांचे भाव असेच राहतील. दोन्ही गृहीतके खोटी ठरली. गव्हर्नरसाहेबांचेच नाव धारण करणारे उपसायंत्र अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी चिखल देऊ लागले. आणि जो चिखल पडे त्यातला काही भाग दगडी बांधाच्या फटींतून पुन्हा समुद्रात पसार होई. इकडे तेजी ओसरली, गिरण्यांवर मंदीचे सावट पडले आणि जागांचे भाव घसरले. तळाची पुरती परीक्षा होण्याआधीच कामाचा डोलारा उभारलेला! आधी कळस, मग पाया, म्हणतात तो असा. लोक या योजनेस 'लॉइडचा वेडेपणा' म्हणू लागले.

या कारभारावर निर्भयपणे बोट ठेवणारा पुरुष म्हणजे खुर्शेद फ्रामजी नरिमन. मुंबई कायदे कौन्सिलात आणि वर्तमानपत्रांतून त्यांनी अंदाज, कंत्राटे व यंत्रसामग्री यांविषयी एकामागून एक प्रश्न विचारले. अखेर १९२६ साली सर ग्रिमवुड मीअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमणे सरकारला भाग पडले. नामवंत अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे तिचे एक सभासद होते. नरिमन यांनी समितीपुढे निर्भीड साक्ष दिली. तेव्हा खात्यातील हार्वे नामक अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. त्यातून नरिमन निर्दोष सुटले आणि त्यांचे नाव घरोघरी पोचले. योजनेच्या आठ भागांपैकी अखेर चारच पुरे झाले. ११४५ एकरांच्या जागी सुमारे ४४० एकर जमीन हाती आली आणि त्यातीलही २३५ एकर लष्कराकडे गेली.

याच खात्याने गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला होता. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसविण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांतल्या खोल्यांची संख्या साडेसोळा हजारांच्या आसपास. भाडे कामगारांच्या ऐपतीबाहेर असल्याने आरंभी हजारो खोल्या रिकाम्या पडल्या. १९३० च्या सत्याग्रहात तर वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला! ज्यांच्यासाठी घर बांधले त्यांना विचारले नाही, म्हणजे असे होते. तथापि पुढे याच चाळींनी कोकणातून व घाटावरून आलेल्या सहस्रावधी कुटुंबांना आसरा दिला, हेही नमूद करणे न्यायाचे होईल.

कोणी विचारील की, आज त्या भूमीवर ब्रेबोर्न स्टेडियम आहे, जगाने वाखाणलेल्या इमारती आहेत. मग पैसा वाया गेला असे कसे म्हणावे? उत्तर असे की, ती शोभा आली पुष्कळ वर्षांनी, परंतु व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत होते. त्याचा भार पडला इलाख्याच्या तिजोरीवर आणि ती तिजोरी भरत होती मुख्यतः शेतसारा व अबकारी यांतून. मुंबईचा समुद्र ज्याने जन्मात पाहिला नाही अशा दुष्काळी गावच्या शेतकऱ्याने तो चिखल विकत घेतला होता. त्या पैशांत त्याच्या गावची शाळा, विहीर वा दवाखाना होऊ शकला असता.

मोठी कामे काढणे हाच दोष, असे मात्र नव्हे. याच लॉइडसाहेबांच्या कारकिर्दीत सिंधमधील सक्कर बंधाऱ्याचे काम सुरू झाले. १९३२ साली तो खुला झाला आणि लक्षावधी एकर जमीन भिजू लागली. भाटघरच्या धरणालाही त्यांचेच नाव मिळाले होते. अर्थात दोष बांधण्यात नव्हता. अंदाज कच्चा ठेवण्यात, घाई करण्यात आणि विचारणाऱ्यास शत्रू मानण्यात तो होता.

नरिमन पुढे मुंबईचे महापौर झाले. परंतु १९३७ साली मुख्यमंत्रिपद त्यांना लाभले नाही आणि पुढे काँग्रेसमधील त्यांचे स्थानही गेले. १९४८ साली ते निवर्तले. कालांतराने त्याच बॅकबेत नवा भराव पडला आणि त्यास नरिमन पॉइंट हे नाव मिळाले. ज्याने भरावाचा हिशेब मागितला त्याचेच नाव भरावाला! या योगायोगाची मौज वाटते आणि खंतही.

गव्हर्नर गेले, इलाखा गेला. आता राज्य आपले आहे. पण कोनशिलेची हौस, वाढते अंदाज आणि 'हपापाचा माल गपापा' ही वृत्ती राज्याबरोबर गेली, असे कोण म्हणेल? परकीय सरकारास जाब विचारणारा नरिमन आपल्याला वंदनीय वाटतो. स्वकीय सरकारास, किंबहुना आपल्याच जातीच्या पुढाऱ्यास, तोच प्रश्न विचारणारा मात्र आपल्याला घरभेदी वाटतो. या ठिकाणी आपण स्वतःस तपासले पाहिजे. आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो तेव्हा कित्येक सभासद चहाकडे वळलेले असतात. पै-पैचा हिशेब ऐकण्याची सवय जेथे लागते तेथूनच कोटींचा हिशेब मागण्याचे धैर्य येते. यंदाच्या सभेत जमाखर्च संपेपर्यंत आपण सर्वांनी आपापल्या जागी बसावे, एवढीच नम्र विनंती.