दुसरा शनिवार, दुपारी तीन

2 जून 2016. रिझर्व्ह बँक सायबर सुरक्षेचा आराखडा जारी करते. चारच महिन्यांपूर्वी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतल्या खोट्या संदेशांवर बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे 8.1 कोटी डॉलर गेलेले असतात. आराखडा व्यापारी बँकांसाठी आहे. नागरी सहकारी बँका त्यात नाहीत. पुण्याची कॉसमॉस बँक, स्थापना 1906, ही नागरी सहकारी बँक आहे.

फेब्रुवारी 2018. तमिळनाडूच्या सिटी युनियन बँकेतून स्विफ्टवरून सुमारे 20 लाख डॉलरचे खोटे संदेश जातात. असा हल्ला आता भारतातही झालेला आहे.

ऑगस्ट 2018पूर्वी कधीतरी. कॉसमॉसमधला एक कर्मचारी एक ई-मेल उघडतो. त्यातून आलेला घातक प्रोग्राम बँकेच्या नेटवर्कमध्ये शिरतो आणि पसरत एटीएम स्विचपर्यंत पोहोचतो.

हे स्विच समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शिरूरच्या बाजारात किंवा दौंड स्टेशनजवळ आपण दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये कार्ड घालतो, तेव्हा ते यंत्र एकच प्रश्न विचारतं: पैसे देऊ का? प्रश्न रुपे किंवा व्हिसाच्या जाळ्यातून आपल्या बँकेच्या स्विचवर येतो. स्विच तो कोअर बँकिंगला, म्हणजे बँकेच्या मूळ खातेवहीला विचारतं. खात्यात शिल्लक असेल तर ‘हो’ येतं, त्याच क्षणी रक्कम खात्यातून वजा होते आणि नोटा बाहेर पडतात.

चोरांनी खातेवहीला हात लावला नाही. त्यांनी मध्ये एक बनावट स्विच उभं केलं. त्यांच्या कार्डांबद्दल आलेला प्रश्न खातेवहीपर्यंत जायचाच नाही, बनावट स्विच परस्पर ‘हो’ म्हणायचं. जगभरातली एटीएम त्या उत्तरावर विश्वास ठेवत होती, कारण ते योग्य ठिकाणाहून, योग्य स्वरूपात येत होतं.

शुक्रवार, 10 ऑगस्ट 2018. अमेरिकेची एफबीआय बँकांना गोपनीय इशारा पाठवते: येत्या काही दिवसांत बनावट कार्डांनी जगभरच्या एटीएममधून एकाच वेळी पैसे उचलले जाणार आहेत. कुठल्या बँकेचे, हे इशाऱ्यात नाही.

शनिवार, 11 ऑगस्ट, सकाळ. महिन्याचा दुसरा शनिवार. सप्टेंबर 2015पासून या दिवशी बँकांना सुट्टी असते. उद्या रविवार. शाखांना कुलूप, स्विच मात्र चालू.

दुपारी 3. बँकेने नंतर पोलिसांत दिलेल्या फिर्यादीतली वेळ इथून सुरू होते. कॉसमॉसच्या ग्राहकांची क्लोन केलेली सुमारे 450 कार्डं 28 देशांत वाटलेली आहेत. एका वेळी किती रक्कम निघू शकते, ती मर्यादा मात्र चोरांना वाढवता आलेली नाही. म्हणून माणसं लागतात, पुष्कळ माणसं. महाराष्ट्रातल्या काही तरुणांना सांगण्यात आलंय की हे सिनेमातलं छोटं काम आहे: एटीएमपाशी जायचं, पैसे काढायचे, आणून द्यायचे.

दुपारनंतर. अमेरिकेहून व्हिसाचे संदेश येऊ लागतात: तुमच्या कार्डांवर हजारो मोठ्या मागण्या येत आहेत. पुण्यातले अधिकारी आपली यंत्रणा तपासतात. तिथे काहीच वावगं दिसत नाही.

दिसणार नव्हतंच. ज्या खातेवहीत ते पाहत होते, तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. व्हिसाकडे हजारो मंजुऱ्या आणि खातेवहीत त्यातली एकही नोंद नाही, ही तफावतच चोरीचा पुरावा होती. पण दोन्ही नोंदी त्याच क्षणी शेजारी ठेवून पाहणारं काही नव्हतं.

सुमारे अर्ध्या तासाने. खबरदारी म्हणून बँक व्हिसाला सांगते: आमची सगळी कार्डं थांबवा.

बीबीसीच्या शोधवृत्तानुसार सारी उचल 2 तास 13 मिनिटांत झाली. परदेशांतले व्यवहार सुमारे 12,000, रक्कम 78 कोटी रुपये. म्हणजे मिनिटाला सरासरी 90 व्यवहार, प्रत्येकी 65 हजारांच्या आसपास. या गतीने अर्ध्या तासाचे सतरा कोटींवर होतात. हा सरासरीचा हिशोब आहे, पण त्या अर्ध्या तासाची किंमत त्यातून कळते.

रात्री 10. फिर्यादीतला एटीएमचा कालखंड संपतो. देशात कोल्हापूर, मुंबई, इंदूर अशा शहरांतून रुपे कार्डांवर 2,800हून अधिक व्यवहार झालेत. रक्कम अडीच कोटी.

रविवार, 12 ऑगस्ट. व्हिसाकडून संशयित व्यवहारांची पूर्ण यादी येते. एफबीआयचा इशाराही याच दिवशी सायबर पत्रकार ब्रायन क्रेब्ज जाहीर करतात.

सोमवार, 13 ऑगस्ट, सकाळी 11.30. कार्डं बंद आहेत. स्विफ्ट चालू आहे. बँकेच्या नावाने हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेत एएलएम ट्रेडिंग लिमिटेडच्या खात्यावर 13 कोटी 92 लाख रुपये जातात. स्विचमध्ये चोर आहे हे कळल्यावर शेजारची खोली रिकामी असेल असं धरून चालणं, ही माझ्या मते या तीन दिवसांतली सगळ्यात टाळता येण्याजोगी चूक होती.

मंगळवार, 14 ऑगस्ट. पुण्यात चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाल्याची बातमी देशभर जाते. एकूण 94 कोटी 42 लाख. बँक सांगते, ग्राहकांच्या खात्यांना धक्का नाही. ते खरं होतं. पैसे बँकेचे गेले होते.

पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने ही चोरी उत्तर कोरियाच्या नावावर मांडली. एप्रिल 2023मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवलं.

19 ऑक्टोबर 2018. रिझर्व्ह बँक नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा आराखडा जारी करते. त्या शनिवारला 69 दिवस झालेले असतात.

शिरूर, दौंडमध्ये सहकारी बँकांचे सभासद पुष्कळ आहेत. वार्षिक सभेत लाभांशाबद्दल विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारा: दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता आपल्या स्विचच्या नोंदी आणि खातेवहीच्या नोंदी कोण, किती मिनिटांनी ताडून पाहतं? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.